तीन नंबरचा पंप

गुरुवारी रात्री अपग्रेड करू नये,
हे मला माहीत होतं. केलं.
शुक्रवारी पहाटे तीन नंबरचा पंप
पडद्यावर लंगडायला लागला.

सोहारच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र गोड करतो.
सहा पंप खारं पाणी ओढतात
आणि कंट्रोल रूममध्ये त्यांची सहा चित्रं फिरतात,
हिरवी, गोल, लहान मुलानं काढल्यासारखी.
खरं तर सहाही अडखळत होती.
पण ज्याचं बेअरिंग गेल्या महिन्यात बदललं
संशय त्याच्यावरच जातो.

हमदान अल मकबाली, शिफ्टचा प्रमुख.
अरबीत 'प' नाही,
म्हणून मी परकारचा बरकार
आणि पंप म्हणजे बंब.
"बरकार, बंब तीन बंद करू?"
मला आमच्या हर्णैचा तांब्याचा बंब आठवला.
तो कुणी बंद करत नसे,
आपला आपण विझायचा.

"सबर," म्हटलं, आणि जिना उतरलो.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानाला.
आत पंप
पोटभर जेवून झोपलेल्या माणसासारखा.
एकही ठोका चुकत नव्हता.

म्हणजे यंत्र ठणठणीत,
आजारी होतं ते चित्र.

वर येऊन टर्मिनल उघडलं, विचारलं,
ही चित्रं काढतंय कोण?
ग्राफिक कार्ड हाताची घडी घालून बसलेलं,
त्याचं काम प्रोसेसर करत होता,
एकेक ठिपका चिमटीनं भरत,
आणि पंखा त्याच्या वतीनं ओरडत होता.

ड्रायव्हर होता. नवा होता.
कर्नलही नवा.
मग कर्नल जागा होताना
त्याच्या कानात कोण काय सांगतं, ते पाहिलं.
ओळीच्या शेवटी एक शब्द : नोमोडसेट.
म्हणजे, पडद्याच्या वाटेला जाऊ नकोस.
जुना ड्रायव्हर हे कधी ऐकतच नव्हता.
नवा शिस्तीचा. त्यानं ऐकलं.

शब्दाच्या वर शेरा, माझाच,
घाईत स्पेलिंग चुकलेला :
'तात्पुरतं. नंतर काढणे. परकार.'
तारीख सात वर्षांपूर्वीची.

त्या रात्री पडदा काळा पडला होता,
मी नवा होतो, हात थरथरत होते.
हा शब्द घातला आणि उजेड आला,
मग नंतर कुठे येतं नंतर.
तेव्हा मी दोनच वर्षांसाठी आलो होतो.
खोलीवर कपाट घेतलं नाही,
कपडे बॅगेतूनच काढायचे आणि बॅगेतच ठेवायचे.
अजून तसंच आहे.

शब्द खोडला. यंत्र पुन्हा सुरू करायला हवं होतं.
हमदाननं कहव्याचा थर्मास बाजूला सरकवला,
खाली पंपांपाशी रोल्दान उभा राहिला
वॉकीटॉकी तोंडाला लावून :
"वन ओके. टू ओके. थ्री ओके, ओके, बॉस, थ्री ओके."
चार मिनिटं
अर्ध्या शहराचं पाणी
आम्ही एका माणसाच्या आवाजावर चालवलं.

पडदा आला.
चाचणीची तीन दातेरी चाकं फिरवली,
लाल, हिरवं, निळं,
सेकंदाला साठ फ्रेम, बरोबर साठ.
तरी मधोमध एक चीर राहिलीच :
वरचा अर्धा पंप आत्ताचा,
खालचा अर्धा मघाचा.
तिच्यासाठी आणखी एक ओळ लिहिली.
चीर मिटली.

हमदान बराच वेळ बघत राहिला.
"बंब तीन तमाम," म्हणाला,
आणि माझ्या पेल्यात कहवा ओतला,
जणू पंप मीच बरा केला.
मी काही बोललो नाही.

शेरा मात्र तसाच ठेवलाय.
त्याच्या आधी जाळीची खूण आहे,
यंत्र तो वाचत नाही.